राइड काढा, पण पोच घेऊन या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाचं पाणी जायला एक लोखंडी जाळी आहे. तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने, म्हणजे सायकल ज्या दिशेने जाते त्याच दिशेने. पेपर टाकणारे काका रोज पहाटे जाळीपाशी आले की उतरतात, पेपरांच्या गठ्ठ्यासकट सायकल उचलून पलीकडे ठेवतात आणि पुन्हा टांग मारतात. एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, "चाक अडकून दोनदा पडलोय. आता हातच सायकल उचलतात, मला सांगावं लागत नाही."

त्याच सुमारास आम्ही काही जण हौसेने रविवारी सायकल राइड काढत होतो. टी-शर्ट झाले, फोटो झाले, राइडनंतर वडा-सांबार झालं. चार राइड झाल्या तरी जाळी होती तिथेच, तशीच. पाचव्या राइडच्या आधी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्यानंतर जे जे केलं, जे चुकलं आणि ज्याने काम झालं, ते तुम्हाला तुमच्या वस्तीत करता यावं म्हणून इथे मांडतो आहे. मी दादर-माटुंग्याकडचा, म्हणून उदाहरणं तिकडची. मुलुंड, बोरिवली, चेंबूरला रस्त्यांची नावं बदलतील, कामाची पद्धत तीच.

आधी मोजा, मग निघा

"मुंबईत सायकल चालवतं कोण?" हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच बैठकीत ऐकू येईल. विचारणारा बहुतेक वेळा गाडीवाला असतो, पण कधीकधी अभियंताही असतो. त्याला भाषण देऊ नका, आकडा द्या.

चौक एकच निवडा. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ७ दोन माणसं उभी करा, एक येणाऱ्या बाजूला, एक जाणाऱ्या. वहीच्या पानावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा आणि प्रत्येक सायकलला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. फक्त संख्या नको, माणूसही लिहा: पाव-दूध-पेपर, डबे, शाळा-क्लासची मुलं, वॉचमन आणि कामगार, चहाचा थर्मास लावलेले, हेल्मेट घातलेले हौशी. बायका किती, याचा रकाना वेगळा. तो बहुतेक रिकामा राहतो आणि रिकामा रकाना हाही पुरावाच असतो.

आमच्या चौकात हौशी सायकलवाले सगळ्यात कमी निघाले. आम्ही स्वतःला सायकलवाल्यांचे प्रतिनिधी समजत होतो आणि खरे सायकलवाले पहाटे पाच वाजता आमच्या दारात पाव ठेवून गेलेले. तेव्हापासून मागण्या लिहिताना पहिलं वाक्य त्यांचं असतं. याचा एक व्यवहारी फायदाही आहे. "आम्हाला व्यायामासाठी ट्रॅक हवा" म्हटलं की अर्ज बाजूला पडतो. "या रस्त्याने रोज इतकी माणसं पोटासाठी सायकलवर जातात" म्हटलं की समोरचा मान वर करून बघतो.

मोजणी पावसाळ्यात नको आणि शाळांच्या सुट्टीतही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

मार्ग: आठ-नऊ किलोमीटर भरपूर झाले

पहिल्या राइडला लोक पंचवीस किलोमीटरचा बेत करतात आणि दुसऱ्या राइडला अर्धेच येतात. सर्वांसाठीची राइड म्हणजे दहा वर्षांची मुलगी आणि पासष्टचे आजोबा दोघांना झेपेल अशी. आमचा नेहमीचा मार्ग शिवाजी पार्कावरून टिळक पुलाने दादर पूर्व, खोदादाद सर्कल ओलांडून पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, तिथून रुईया-पोदारच्या बाजूने महेश्वरी उद्यान आणि परत.

त्यातला नव्वद टक्के रस्ता सुखाचा आहे. पारशी कॉलनीत झाडांची सावली आणि रुंद रस्ते, तिथे पोरं आपोआप हसायला लागतात. अडचण टिळक पुलाची. चढ आहे, पहाटे खाली फुलबाजार भरलेला असतो, टेम्पो आडवेतिडवे, डोक्यावर फुलांचे हारे घेतलेली माणसं घाईत. पहिल्या खेपेला आम्ही पहाटे सहाला सगळे एकदम त्या गर्दीत घुसलो. टोळीचे तीन तुकडे झाले आणि एक तुकडा चुकून परळच्या दिशेने निघून गेला. आता पुलावर आम्ही एकामागे एक जातो आणि ज्याला चढ झेपत नाही तो उतरून फुटपाथने सायकल ढकलत नेतो. त्यात लाज कसली?

मार्ग ठरवताना दोन जणांनी राइडच्याच वारी, राइडच्याच वेळी, एकदा चालत आणि एकदा सायकलने तो बघायचा. बघायच्या गोष्टी: एकदिशा रस्ते, खोदकाम, जाळ्या, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधली चर, सिग्नल किती वेळ हिरवा राहतो, स्वच्छतागृह उघडं असतं का. शेवटचं विसरू नका. बायका पुन्हा येणार की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू यांवर सायकलला बंदी आहे. उत्साही मित्र दर वेळी सुचवतात, म्हणून लिहून ठेवतो.

उपनगरातल्यांना एक सोय आहे. दहिसर पूर्व ते अंधेरी पश्चिम या मेट्रो २ए आणि दहिसर पूर्व ते गुंदवली या मेट्रो ७ वर सायकल डब्यात नेता येते. राइड स्थानकाजवळून सुरू केली तर लांबची माणसं येऊ शकतात.

तारीख आणि वेळ

मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, मेअखेर सहाच्या सुमारास. म्हणून हिवाळ्यात ७ ला आणि उन्हाळ्यात सव्वासहाला निघा. दिवे नसलेल्या सायकली असणारच, त्यामुळे अंधारात नको. साडेआठच्या आत परत.

टाळायचे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवा. जानेवारीचा तिसरा रविवार मॅरेथॉनचा. दादरकरांनी ६ डिसेंबर आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस सोडून द्यावेत, चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि त्या दिवसांत रस्ता त्यांचा असतो. गणपतीचे दिवस आणि त्याआधी मंडप उभे राहण्याचे दिवस, दहीहंडी, वांद्रेकरांना सप्टेंबरातली माउंट मेरीची जत्रा. जून ते सप्टेंबर मोठी राइड नको. ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि मॅनहोलच्या झाकणांवर सायकल साबणावरून घसरावी तशी घसरते.

महिन्यातला एक ठरलेला रविवार पक्का करा, समजा दुसरा. ठरलेला दिवस असला की निरोप धाडावे लागत नाहीत. कोलंबियात बोगोटा शहरात १९७४ पासून हेच चालू आहे. दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २ शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते गाड्यांना बंद असतात आणि लोक सायकली घेऊन उतरतात. आपल्याला शंभर किलोमीटर नकोत, महिन्याचा एक रविवार न चुकवता पाळला तरी पुष्कळ.

पत्रं कोणाला

वीस-पंचवीस माणसं रहदारीचे नियम पाळून, रस्ता न अडवता सायकल चालवणार असतील तर तो मोर्चा नव्हे. तरीही पत्र द्या. शहरात जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात आणि पत्र दिलेलं असलं की चौकात अडवणाऱ्या शिपायाशी वाद घालावा लागत नाही.

एक पत्र स्थानिक पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना, एक त्या भागाच्या वाहतूक पोलीस चौकीला. मार्ग दोन ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर दोन्हीकडे. दोन आठवडे आधी. पत्रात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार दोघांची नावं आणि फोन, आणि "रस्ता बंद करण्याची विनंती नाही" हे वाक्य ठळक. या एका वाक्याने निम्मं काम होतं. रस्ता खरोखर बंद हवा असेल, वर्गणी घेणार असाल, मंडप किंवा मंच टाकणार असाल तर मात्र रीतसर परवानगीचं काम आहे आणि त्याला महिनाभर धरा.

शिवाजी पार्कला ध्वनिक्षेपक नको. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला आहे. तसंही सकाळी शिट्टी आणि खणखणीत आवाजाची एक शिक्षिका पुरते. झाडाला किंवा खांबाला बॅनर बांधू नका. विनापरवाना फलक लावणं हा गुन्हा आहे, आणि सुरक्षित रस्ते मागणाऱ्याने फुटपाथवर दोरी बांधून लोकांना आडवं यावं हे बरं दिसत नाही.

राइडच्या सकाळी

अर्धा तास आधी दोघं जण पंप घेऊन हजर. येणाऱ्या प्रत्येक सायकलची हवा, ब्रेक आणि चेन बघायची. अंगठ्याने टायर दाबा, पोचा पडत असेल तर हवा भरा. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरायला नको. चेन हाताने उलटी फिरवून बघा. घरात वर्षभर बाल्कनीत पडलेल्या सायकली इथे येतात, आणि बाल्कनीतल्या सायकलचे ब्रेक रबर दगडासारखे झालेले असतात. अशाला नम्रपणे सांगा की आज बागेत बसा, पुढच्या वेळी या. त्याला वाईट वाटेल, पण तो उतारावर तुमच्या पोरांच्या अंगावर येण्यापेक्षा बरं.

सलवारीची ओढणी, साडीचा पदर, सैल पँट यांचा चेनमध्ये अडकण्याचा जुना शौक आहे. पेपराची रबरबँड दहा-पंधरा सोबत ठेवा, उजव्या पायाला गुंडाळली की झालं.

भूमिका वाटून द्या. सगळ्यात पुढे पुढारी, सगळ्यात शेवटी शेपूट, आणि दर दहा-बारा जणांमागे एक सांभाळणारा. पुढाऱ्याचं काम वेग कमी ठेवणं, तासाला दहा-बारा किलोमीटर. हे वाटतं तितकं सोपं नाही. चांगला सायकलपटू सहसा वाईट पुढारी ठरतो, तो मागे बघतच नाही. आमच्याकडे पुढारी म्हणून एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आहेत. त्यांना कोणी ओव्हरटेक करत नाही, हिंमतच होत नाही. शेपटाजवळ पंक्चरचं सामान, पाना, पंप, प्रथमोपचाराची पेटी. शेपटाच्या मागे कोणी राहता कामा नये, बस्स.

निघण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना एकत्र करून एवढं सांगा:

लाल सिग्नलला थांबायचं. टोळी तुटली तर तुटली, पुढचे पुढच्या मोकळ्या जागेत थांबतील. एकत्र राहण्यासाठी सिग्नल तोडायचा नाही किंवा आडव्या सायकली लावून गाड्या अडवायच्या नाहीत. ते काही ठिकाणी करतात, पण आपण गाडीवाल्यालाही आपल्या बाजूला आणायला निघालोय.

उभ्या गाड्यांपासून एक मीटर लांब. दार कधी उघडेल सांगता येत नाही.

बेस्टच्या बसच्या डावीकडून कधीही पुढे जायचं नाही. ती थांब्याला वळते आणि माणसं डावीकडेच उतरतात.

खड्डा दिसला की "खड्डा!", थांबताना "थांबतोय!" असं मागच्यासाठी ओरडायचं. पोरांना हे फार आवडतं, तेव्हा खड्डा नसतानाही ओरडतील याची तयारी ठेवा.

लहान मुलांच्या पालकांकडून एका कागदावर सही आणि फोन घ्या. कोणी पडलंच तर १०८ वर रुग्णवाहिका. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मदत करायला लोक पोलिसांच्या धाकाने बिचकतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १३४ए हे कलम अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. टोळीतल्या दोघांना "लिहिणारे" करा. ते वाटेत धोक्याच्या जागांचे फोटो काढतात: जवळच्या दुकानाचं किंवा इमारतीचं नाव दिसेल असा एक, आणि जवळून एक. राइड संपल्यावर वडा खाताना फोन काढून सगळ्यांना विचारा, "आज कुठे जीव मुठीत आला?" लहान मुलं इथे मोठ्यांपेक्षा चांगली उत्तरं देतात. त्या यादीतून एक जागा निवडायची. दहा नाही, एक.

राइडपेक्षा मोठं काम: शिकवणी

मोजणीतला तो बायकांचा रिकामा रकाना आठवा. आमच्या राइडला येणाऱ्या मुलांच्या आया कडेला उभ्या राहून पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. एकीला विचारलं तर म्हणाली, "मला येतच नाही हो. लहानपणी भाऊ शिकला, सायकल एकच होती." तेव्हापासून दोन महिन्यांतून एकदा आम्ही राइडऐवजी शिकवणी घेतो. मैदानाच्या कडेचा सपाट भाग आणि तीन-चार सायकली पुरतात.

मोठ्या माणसाला शिकवताना मागून सीट धरून पळायचं नाही. तुमची कंबर जाईल आणि ती घाबरेल. त्याऐवजी सायकलची पेडलं काढून टाका. बहुतेक सायकलींना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीसारखं, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवलं की निघतं. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. हे माहीत नसल्यामुळे आम्ही पहिल्याच दिवशी एका डाव्या पेडलाला पानाच काय, हातोडीही लावली होती.

पेडलं निघाली की सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकतील. मग बसून पायाने ढकलत चालायचं, जसं बाळ पांगुळगाड्यात चालतं. आधी चालणं, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून जितकं सरकेल तितकं सरकणं. नजर चाकाकडे नको, समोरच्या झाडाकडे. ब्रेक याच टप्प्यावर शिकवायचे: दोन्ही हातांनी, हळूहळू दाबत. पाय उचलून दहा-बारा मीटर तोल राहायला लागला की पेडल बसवा. बऱ्याच जणींना तासाभरात तोल सापडतो. पहिल्यांदा पेडल मारून पाच-सहा मीटर गेलेल्या बाईचा चेहरा बघायला मिळाला, तर पुढच्या सहा महिन्यांच्या अर्जांसाठी बळ मिळतं, एवढं मी सांगू शकतो.

शिकवणारी बाईच असावी. गर्दी जमवू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

काय मागायचं: नाण्याची चाचणी

एका जागेची मागणी, पण नेमकी. जाळीचंच उदाहरण घ्या. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते जाळीच्या फटीवर आडवं ठेवा. खाली पडलं, तर फट २७ मिलिमीटरपेक्षा मोठी आहे. शर्यतीच्या सायकलचा टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद, तो त्यात थेट जातो. आपली जुनी काळी सायकल जाड टायरची, ती फट जरा मोठी असली की अडकते. नाणं फटीवर ठेवलेला फोटो काढा. माप सांगायला पट्टी लागत नाही आणि फोटो खोटा वाटत नाही. (नाण्याला आधी चिकटपट्टीने दोरा लावा. आमची दोन नाणी महापालिकेच्या गटारात जमा आहेत.)

उपाय दोनच शब्दांचा: जाळी फिरवा. फटी रस्त्याला काटकोनात आल्या की चाक वरून जातं आणि पाणी खाली जातं. फिरवता येत नसेल तर वर दोन-तीन आडव्या पट्ट्या वेल्ड करा. खर्च किरकोळ, वॉर्ड पातळीवर होणारं काम, कुणाची पार्किंगची जागा जात नाही, म्हणून विरोध नाही. पहिली मागणी अशीच निवडा, जी जिंकता येते. दुसरी, तिसरी तशीच: शाळेच्या फाटकाबाहेर सायकल लावायला लोखंडी कमानी, काँक्रीट रस्त्याच्या कडेची चर भरणं, सिग्नलजवळचा दिवा.

अर्ज आणि पोच

वॉर्डचे प्रमुख सहाय्यक आयुक्त. रस्त्याच्या लहान दुरुस्त्या परिरक्षण म्हणजे देखभाल विभागाचे सहाय्यक अभियंता बघतात. जाळी-गटारं पर्जन्य जलवाहिन्यांच्या खात्याकडे. अर्ज सहाय्यक आयुक्तांच्या नावाने करा आणि प्रत अभियंत्याला, म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य एकदाच ऐकावं लागतं. दादर पश्चिम जी उत्तर विभागात, माटुंगा पूर्व एफ उत्तरमध्ये; आमची राइड एक, वॉर्ड दोन, तेव्हा जागा कुठल्या बाजूची हे आधी नकाशात बघावं लागतं. एकदा आम्ही ते न बघता एका कार्यालयात अर्ज दिला. तो तीन महिने टेबलांवरून फिरला आणि "हद्दीबाहेर" असा शेरा घेऊन परत आला.

नमुना असा:

प्रति,
सहाय्यक आयुक्त,
__ विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: __ मार्गावर, __ इमारतीसमोरील पर्जन्य जलवाहिनीच्या जाळीची दिशा बदलणे अथवा आडव्या पट्ट्या बसवणे.

महोदय / महोदया,

वरील ठिकाणी असलेल्या जाळीच्या फटी वाहतुकीच्या दिशेने असून त्यांची रुंदी २७ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे (छायाचित्र १, २). दिनांक __ रोजी सकाळी ६ ते ८ या वेळेत आम्ही केलेल्या मोजणीत या ठिकाणाहून __ सायकली गेल्या, त्यांपैकी __ पेपर, दूध व पाव पोहोचवणाऱ्यांच्या होत्या (मोजणी पत्रक सोबत). फटीत चाक अडकून सायकलस्वार पडल्याच्या घटना घडल्या आहेत.

जाळी काटकोनात फिरवून अथवा त्यावर आडव्या पट्ट्या वेल्ड करून धोका दूर करावा, ही विनंती. पाहणीच्या वेळी आम्ही उपस्थित राहू.

आपले,
(नावे, पत्ते, सह्या)

सह्या पाच पुरेत, पण त्यात पेपरवाले काका, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि चौकातला दुकानदार असावेत. तीनशे सह्यांच्या ऑनलाइन अर्जापेक्षा या पाच सह्यांचं वजन जास्त असतं.

अर्ज हाताने नेऊन द्या. आवक विभागात आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हीच पोच. फोनवर तिचा फोटो, फाईलमध्ये मूळ प्रत. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. सोबत महापालिकेच्या १९१६ या तक्रारींच्या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून तोही क्रमांक त्याच कागदावर लिहा. पंधरा दिवसांनी अभियंत्यांना भेटायला जा, सकाळी लवकर, कारण दुपारी ते फिरतीवर असतात. भांडायला नको. "साहेब, पाच मिनिटं आमच्याबरोबर जागेवर येता का?" असं विचारा. जागेवर आलेला अभियंता आणि टेबलामागचा अभियंता ही दोन वेगळी माणसं असतात. आमच्याकडे आलेल्या मॅडमनी स्वतःच्या पर्समधून नाणं काढून फटीवर ठेवून बघितलं होतं.

दहा रुपयांचा दुसरा उपयोग

महिना-दीड महिना काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की चालतो, ऑनलाइनही भरता येतं. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. "का केलं नाही?" असं विचारायचं नाही, कारणं सांगायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागायचे: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत, संबंधित रस्त्याच्या कामाच्या आदेशाची प्रत, मंजूर आडव्या छेदाच्या आराखड्याची, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणाऱ्या नकाशाची, प्रत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आडव्या छेदाचा आराखडा मुद्दाम मागा. मुंबईत रस्त्यांचं काँक्रिटीकरण चालू आहे आणि सायकलसाठी जागा, जाळ्यांची दिशा, कडेची उतरण हे सगळं त्या एका कागदावर ठरतं. एकदा काँक्रीट ओतलं की पुढची बरीच वर्षं तुम्ही फक्त फोटो काढू शकता. म्हणून गल्लीत खोदकामाची पाटी दिसली की त्याच आठवड्यात अर्ज.

मोठ्या मागणीकडे जाताना

जाळ्या-कमानी दोन-चार झाल्या की कोणीतरी म्हणतं, आता सायकल ट्रॅक मागू. मागा, पण मुंबईतला इतिहास माहीत असू द्या. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) खर्च करून ट्रॅक बांधला, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि २०२५ मध्ये तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. संकुलाच्या आत ट्रॅक होता, पण वांद्रे किंवा कुर्ला स्थानकापासून तिथवर सायकलने येणार कसं, ही वाट कुणी धड जोडली नाही. पवई तलावाकाठच्या ट्रॅकचं दुसरंच झालं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून काढायला सांगितलं, कारण ते पाणथळ जागेत होतं. सायकलच्या नावाने कुणी तलाव बुजवत असेल तर आपण सायकलवाल्यांनीच आधी विरोध करायला हवा, नाहीतर पुढच्या प्रत्येक मागणीला तेच उदाहरण तोंडावर फेकलं जातं. जलवाहिनीलगतच्या मोकळ्या पट्ट्यावर मुलुंडपासून सायकलमार्ग करण्याची महापालिकेची ३९ किलोमीटरची योजना होती, तिचे काही तुकडे झाले. तुकड्यांची अडचण तीच, एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला महामार्गाच्या गर्दीत उतरावं लागतं.

म्हणून मागणी लिहिताना लांबी किती यापेक्षा दोन टोकं कोणती हे लिहा. वस्ती ते शाळा. वस्ती ते स्थानक. आणि स्थानकाला पोहोचल्यावर सायकल कुठे, कोणाच्या नजरेखाली ठेवायची. मुंबईत सायकल चोरीला जाईल या भीतीने जितके लोक चालवत नाहीत, तितके ट्रकच्या भीतीने नसतील, असा माझा अंदाज आहे.

रस्ता तात्पुरता बंद करून मागायचा असेल तर पोलिसांना दाखवायला एक दाखला आहे. २७ मार्च २०२२ पासून मुंबई पोलिसांनी स्वतःच रविवारी सकाळी ८ ते १० काही रस्ते गाड्यांना बंद ठेवून लोकांना चालायला, खेळायला, सायकल चालवायला खुले केले होते. त्यात मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा कार्टर रोड, मुलुंडचा जलवाहिनीलगतचा रस्ता असे भाग होते. पत्रात हा उल्लेख करा. "याआधी झालंय" हे सरकारी कार्यालयात सगळ्यात जोरदार वाक्य आहे.

पैशाचं गणितही वेळेत जुळवा. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो, त्याची तयारी आधीच चालू होते. दिवाळीचा फराळ संपला की लगेच मागणीपत्र पोहोचलं पाहिजे. जानेवारीत नेलेलं पत्र पुढच्या वर्षीचं समजा.

आमच्या त्या पहिल्या जाळीचं काय झालं, हे राहिलंच. पोच घेतल्यावर सातव्या आठवड्यात ती फिरवली. आठ महिन्यांनी रस्त्याचं डांबरीकरण झालं, कंत्राटदाराच्या माणसांनी जाळी उचलली आणि परत ठेवताना पूर्वीसारखीच, उभ्या फटींनी ठेवली. काका पुन्हा उतरायला लागले. दुसरा अर्ज चार ओळींचा होता, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक, आधीचा आणि आत्ताचा फोटो. या वेळी वरून तीन आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या आहेत. नाणं ठेवलं तर राहतं. काका मात्र अजूनही तिथे आले की सायकलचा वेग कमी करतात आणि खाली बघतात.